आकडा

पहाटे चारला झरवली किल्ली देतो.
सीट मागे गेलेली असते, स्वातच्या त्या लांब पायांसाठी.
मी पुढे ओढतो. तीन खाचा.
आठ वर्षांत आमचं बोलणं तेवढंच:
"पुढचा टायर बघ", "खैर",
आणि त्या तीन खाचा.

मग आकडा धरतो मनात. दोनशे ऐंशी.
कंपनीचा वेगळा, तो मीटरच्या पोटात.
हा माझा. भरला की बस.

कधी अल् नहदाच्या सिग्नलला
दहा वाजतात आणि हातात साठ.
दुबईकडे निघालेल्या गाड्या एकीला एक चिकटून,
त्यांच्या मधोमध मी, रिकामा.
सगळे बघतात. हात कुणी करत नाही.
अशा दिवशी तीनला झरवलीला फोन करतो,
"एक तास दे रे."
तो झोपेतूनच देतो.
त्या उसन्या तासात शेवटचे बारा दिरहम
दाढेत अडकलेल्या काट्यासारखे,
निघता निघत नाहीत.

आणि कधी विमानतळावरून एक म्हातारा सुदानी,
चार बोचकी, एक पिंजरा, पिंजऱ्यात काहीच नाही.
"रास अल् खैमा," म्हणतो.
परत येताना तिथूनच नवरा-बायको मिळतात,
पूर्ण रस्ता भांडत, भाडं मात्र चोख.
दोन वाजता माझा आकडा भरतो.
मीटर बंद.

कुरियन वरच्या खाटेवर झोपतो,
सुपरमार्केटात हिशेब लिहितो.
तो कपाळाला हात लावतो.
"वेड्या, मिळतंय त्या दिवशी पळ,
नाही त्या दिवशी झोप. तू उलटा चालतोस.
मासळी लागली असताना जाळं कोण गुंडाळतं?"

कुरियन, माझा बापूस गुंडाळायचा.
हर्णैच्या बंदरात त्याची वेळ
मासळीवर नव्हती, बर्फावर होती.
बर्फ संपला की होडी फिरवायची,
मग पाण्यात चांदी उसळो की काही.
बर्फाशिवाय धरलेलं घरी पोचेपर्यंत घाण मारतं.
हे कुरियनला सांगितलं.
तो म्हणाला, "टॅक्सीत कसला बर्फ?"

खरंय.

झरवलीला चारच्या आधी उठवत नाही.
दोन ते चार, रोल्यामागच्या गल्लीत,
गाडी पुसतो, काचा, चटया,
त्याच्या बाजूचा आरसासुद्धा.
करक चहा घेतो
आणि मागच्या सीटवर जाऊन बसतो.
पाय लांब करतो. समोर स्टिअरिंग, कुणी नाही.
परवा एकाने काच वाजवली,
हाताला बँडेज, अंगात कंपनीचा निळा डगला.
"सनाइया?"
मी मागे बसलोय हे बघून
तोच म्हणाला, "माफ करा, गाडी घेतलीय वाटतं तुम्ही."
आणि उन्हात चालू लागला.
मी हाक मारायला हवी होती.
आकडा भरला होता.

रात्री सुमैयाचा फोन.
चिपळूणला दवाखान्यात लागली, दुसरा महिना.
सहज सांगून गेलो, आज दोनलाच भरला.
"काय भरलं?"
मग सांगावंच लागलं:
तुझी फी, खोलीचं भाडं, घरचं,
तिसाने भागलं, सुट्टी धरून थोडं वर.
आठ वर्षांपूर्वी, रोल्याच्या कट्ट्यावर, सिगरेटच्या पाकिटावर.
ती गप्प.
मग म्हणाली, "अब्बा, फी तर दोन वर्षांपूर्वी संपली."

पंखा फिरत होता. कुरियन घोरत होता.
मी म्हटलं, "हो. बघतो."

बापसाच्या होडीत एक आकडा असायचा, लोखंडी,
टोपली अडकवून तोलायचा.
मासळी विकली, टोपली गेली,
तरी तो वाऱ्याने हलत राहायचा,
काढून ठेवायचं सुचायचं नाही कुणाला.

आज पहाटे किल्ली घेताना
झरवलीला पहिल्यांदा विचारलं,
"तू कधी थांबतोस?"
त्याने सीटकडे बोट केलं.
"तू आलास की."

मी सीट पुढे ओढली.
दोन खाचा, की तीन, मोजल्या नाहीत.
गाडी सुरू केली. मनात काही धरलं नाही
पहिल्या सिग्नलपर्यंत.